शेंदराखालचा ठसा

माझी बायको सुनंदा सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरते की प्रत्यक्ष देव दारात येऊन उभा राहिला तरी हे आधी त्याचं आधार कार्ड मागतील. खरं आहे ते. भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं काही मी आजवर मानलेलं नाही. या पानावर लोक जे अनुभव लिहितात, तेही ‘मस्त थाप आहे’ म्हणत वाचणाऱ्यांपैकी मी आहे. तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणालात तर राग नाही. मी तुमच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे हो. मी नागपूरला, विमानांचे भाग दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे – नाव सांगत नाही, उगाच त्यांना ताप नको. दुरुस्त होऊन आलेला भाग चांगला आहे असं मानायचंच नाही. वाईट आहे असं धरून चालायचं आणि तो कुठं वाईट आहे ते शोधायचं. शोधूनही सापडलं नाही, तर नाइलाजानं आपला ठसा मारायचा. आमच्याकडे प्रत्येक तपासनीसाचा स्वतःचा छोटा पोलादी ठसा असतो. माझा म्हणजे एका वर्तुळात ३१. तो मारला की पुढे त्या भागाचं काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न मला.

आणि एक गोष्ट, जी मागच्या उन्हाळ्यापर्यंत मी कोणालाच सांगितली नव्हती, सुनंदालाही नाही. ठसा मारून झाला की त्याच्या शेजारी मी स्क्राइबरनं – म्हणजे धातूवर रेघ ओढायच्या टोकदार सळईनं – एक खूण करायचो. बारीक रेघ, मधे तुटलेली, आणि तुटलेल्या जागी एक टिंब. भिंग लावल्याशिवाय दिसायची नाही. काहून? तर उद्या कोणी माझा ठसा चोरून भलत्याच भागावर मारला, तर मला तरी कळावं. नियमात हे बसत नाही. पण मी ती खूण कायम जाड अंगावर करायचो, जिथं ताण येत नाही तिथंच, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं.

दुसरं म्हणजे मला जुन्या सीप्लेनचा नाद आहे. पाण्यावर उतरणारी, होडीच्या पोटाची विमानं. ‘नागपूरले समुद्र नाही, नाग नदीत धड पाणी नाही, अन् याले पाण्यावरचं इमान पाहिजे’ – हे मेश्रामचं ठरलेलं वाक्य. मेश्राम म्हणजे आमच्या विभागाचा प्रमुख, माझा साहेब आणि तरीही दोस्त. तर इंटरनेटवर आमचा एक ग्रुप आहे, जगभरातल्या असल्याच रिकामटेकड्यांचा. कोणाला तळ्यात, भंगारात, आजोबांच्या पेटीत एखादा लोखंडाचा तुकडा सापडतो. तो फोटो टाकतो, आणि हा कोणत्या विमानाचा कोणता भाग ते आम्ही ओळखायचं. आटे कसे पाडलेत, पाण्यानं गंजू नये म्हणून कोणता धातू घेतलाय, बोल्ट सुटू नये म्हणून तार ओवायचं भोक कुठं आहे, यावरून कळत जातं. बहुतेक वेळा तो तुकडा ट्रॅक्टरचा निघतो. तसं सांगितलं की फोटोवाला चिडतो आणि ग्रुप सोडून जातो.

आता मूळ गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात देवरावचा फोन आला. देवराव म्हणजे सुनंदाचा थोरला भाऊ. गाव काटोलच्या पुढे, सगळा संत्र्यांचा पट्टा. गावाला इंग्रजांच्या वेळचा मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शेंदूर फासलेला एक देव. पाळबाबा म्हणतात त्याला. देऊळ वगैरे नाही, चौथरा आणि वर टिनाचं छत. देवराव त्याच्या कमिटीत आहे.

“भाऊजी, पाळबाबानं खोळ सोडली,” तो म्हणाला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवावर वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढत गेला की त्याचं जाड कवच होतं, आणि कधीतरी ते आपोआप गळून पडतं. त्याला खोळ सुटली म्हणतात. ती खोळ वाजतगाजत पाण्यात सोडायची आणि देवाला नव्यानं शेंदूर चढवायचा. बऱ्याच गावांत होतं हे. पण इथं खोळ पडल्यावर आत दगड नव्हता. लोखंड निघालं आणि त्यावर इंग्रजी आकडे होते.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. लगेच एक पांढरी गाडी आली. गाडीतल्या लोकांनी सांगितलं की हा ‘राईस पुलर’ आहे, तांदूळ स्वतःकडे ओढणारा धातू, परदेशात त्याचे करोडो मिळतात. या भानगडीत शिकलेसवरलेले लोकही फसतात, गावातली तरणी पोरं फसली तर नवल काय. पोरं म्हणत होती विकू, म्हातारे म्हणत होते शेंदूर चढवू, आणि देवराव मधे सापडला होता. शनिवारी शेंदूर चढवायचं ठरलं होतं. त्याच्या आत मी येऊन ही वस्तू काय आहे ते सांगावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मला पहिला संशय आला तो देवराववरच. सीप्लेनचा माझा नाद त्याला माहीत, आणि बरोबर तलावाकाठीच इंग्रजी आकड्यांचं लोखंड निघतं? पण देवराव थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी सकाळी सुनंदाला घेऊन नागपुरातल्या आमच्या बेसाच्या घरून निघालो.

पाळीवर बरीच गर्दी होती. मी पिशवीतून भिंग आणि चुंबक काढलं, तशी लोकांत कुजबुज सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं मला सरळ विचारलं, तांदूळ सोबत आणले का? म्हणजे मी त्या पांढऱ्या गाडीचाच माणूस! देवराव त्याच्यावर भडकला, पण मला म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं. मीही हेच विचारलं असतं.

देव कोऱ्या कापडानं झाकला होता. उघड्या देवाचा फोटो काढायचा नाही, हे देवरावनं आधीच बजावलं होतं. कापड काढलं शेवंताबाईंनी. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरतं, आणि पाळबाबाला शेंदूर लावायचा मानही त्यांच्याच घराचा.

कापड निघालं आणि मला एकदम आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी ओळखलं. सीप्लेनच्या पंखाच्या टोकाखाली लहान होडीसारखा एक तरंगा असतो, पाण्यावर विमान एका अंगाला कलू नये म्हणून. तो तरंगा दांड्यांवर टांगलेला असतो, आणि दांडीच्या टोकाला पोलादाचा, बेचकीसारखं दुबेळकं असलेला एक भाग असतो. हा तोच होता. चुंबक चिकटलं, सोबत आणलेली कानस किंचित घासली तर गंज म्हणून नाही. तेल-शेंदरानं तो असा जपला होता की कोणत्याही संग्रहालयात जपला नसता. दुबेळक्याची एक बाजू अख्खी होती, दुसरी बुडापासून तुटलेली. काटोलजवळ, संत्र्याच्या बागांच्या मधे, सीप्लेनचा भाग! ग्रुपवर टाकलं असतं तर लोक वेडे झाले असते.

आकडे वाचत वाचत मी तुटलेल्या बाजूकडे आलो. तुटीच्या काठाला लागून एक वर्तुळ होतं. आत ३१.

हसलो मी. ३१ काय कुठंही असू शकतो. तेव्हाही तपासनीस होते, त्यांचेही ठसे होते, त्यांच्यातही कोणी एकतिसावा असणारच. मग सवयीनं मी भिंग थोडं उजवीकडे सरकवलं.

बारीक रेघ. मधे तुटलेली. तुटलेल्या जागी टिंब.

मी घाबरलो. दुसरा शब्द नाही. भिंग खाली ठेवलं आणि घाम पुसल्यासारखं केलं. मग वाटलं, कोणीतरी हे काल-परवा केलंय, माझी फजिती करायला. नवा ओरखडा असेल तर चमकेल. सुनंदाच्या साडीची पिन घेऊन रेघेत फिरवली. आतून शेंदूर निघाला, वाळून काचेसारखा कडक झालेला, आणि रेघेचा तळ बाकीच्या धातूइतकाच काळवंडलेला होता. ती खूण शेंदराच्या आधीची होती.

आणि तडा त्या खुणेतूनच गेला होता. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. शाम्पूच्या पाऊचला कडेला बारीक चीर दिलेली असते बघा, ओढलं की बरोबर तिथून फाटतो. धातूचं तसंच. जिथं ताण येतो अशा पातळ जागी ओरखडा पडला, की प्रत्येक झटक्याला तिथून तडा कणाकणानं पुढे सरकतो, आणि एक दिवस भाग तुटतो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात, त्या उलट वाचत गेलं की तडा कुठून निघाला ते कळतं. मी वाचत गेलो आणि त्या टिंबापाशी येऊन थांबलो.

फोटो तर काढता येत नव्हता. मी देवरावला साबणाची वडी मागितली, त्यात ठशाची छाप घेण्यासाठी. शेवंताबाईंनी साबण देवाला लावू दिला नाही. कणीक चालते म्हणाल्या. मग देवरावच्या घरून घट्ट मळलेली कणीक आली, ती मी त्या जागी दाबली आणि डब्यात घालून घेतली. परत येताना गाडीत सुनंदानं विचारलं, काय होय ते, अन् तुमचं तोंड काहून असं झालं? मी म्हटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मेश्रामच्या केबिनमध्ये गेलो. खरं सांगतो, माझा सगळा संशय त्याच्यावर होता. माझी खूण कोणाला चुकून दिसली असेल तर त्यालाच. कणकेचा गोळा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, कबूल कर. त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं. ३१ त्यानं ओळखला, पण शेजारच्या रेघेकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? आणि तो खोटं बोलत नव्हता. मेश्रामला खोटं बोलता येत नाही, बोलायला गेला की कान लाल होतात.

म्हणजे आता खूण माझी आहे, हे मला एकट्यालाच माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो की जुनी काहीतरी निशाणी असेल, सोड. मेश्रामनं चहा मागवला होता, तो पिऊन विषय संपला असता. तो सगळा चहा होईपर्यंत मी हाच विचार करत होतो. हे सगळं थोतांड आहे असं धरलं, तरी खुणेतून तडा जातो हे थोतांड नाही. जाड अंगावर नाही जात, मान्य. पण एवढ्या वर्षांत, एवढ्या भागांवर मी ती खूण केली, त्यात एखाद्या दिवशी घाईत, दमलेल्या हातानं, भलत्या जागी केलीच नसेल हे कशावरून? दुसरा कोणी ‘माझा हात चुकत नाही’ असं म्हणाला असता तर मी त्याला दारातून हाकललं असतं. मग स्वतःला कसं सोडू? आणि ते भाग विमानांत बसून उडताहेत, त्यांत माणसं बसताहेत.

भाग शोधायचे तर खूण आहे हे सांगावं लागणार, आणि सांगितलं की माझा ठसा जाणार. ठसा नाही तर तपासनीस कसला, नुसता भिंगवाला माणूस.

मी सांगितलं. पाळबाबाचंही, खुणेचंही.

मेश्रामनं कप बाजूला सरकवला. “गावंडे,” तो म्हणाला, “तू काय सांगून राहिला ते तुले समजते ना? आता मी चूप बसू शकत नाही.”

“चूप बसू नको म्हणूनच तुले सांगून राहिलो.”

त्याच दिवशी माझा ठसा कुलपात गेला. शॉपमध्ये पडून असलेला, माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक भाग पुन्हा काढून बघितला, आणि जे भाग बाहेर गेले होते त्यांच्या मालकांना कळवलं. मला तपासणीतून काढून गोदामात बसवलं. मी दिसलो की कारखान्यातली पोरं पाठ करून कामाला लागायची. पाळबाबाची गोष्ट मेश्रामनं वर कळवली नाही. म्हणाला, ते कळवलं तर तुले धंतोलीत डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतील, अन् मलेही सोबत.

शनिवारी मी पुन्हा पाळीवर होतो, कारण कमिटीला उत्तर द्यायचं होतं. सरळ सांगून टाकलं: हा पाण्यावरच्या विमानाचा भाग आहे, साधं चांगलं पोलाद आहे, तांदूळ सोडा, हा माशीसुद्धा ओढणार नाही. पोरांची तोंडं उतरली. पांढरी गाडी मग फिरकली नाही. म्हाताऱ्यांना ते पोलाद आहे की दगड याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ते शेंदूर कालवायला लागले.

मी शेवंताबाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, हा देव इथं आला कसा? देवरावला एवढंच माहीत होतं की तो फार पूर्वी जाळ्यात सापडला.

“जाळ्यात देव नाही आला, जवाईबापू,” त्या म्हणाल्या. “माणूस आला होता.”

सासऱ्यांकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. लढाईच्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, एकदा एक विमान तलावात उतरलं. उतरलं तर नीट, पण मग त्याचा एक पंख पाण्यात गेला आणि सगळंच उलटलं. यांच्या घरच्या माणसांनी डोंगे घालून लोकांना काढलं. पंखाच्या टोकाकडे गेलेला एकजण राहिला. दुसऱ्या दिवशी तो जाळ्यात वर आला. त्याला डोंग्यात घेतला तर त्याची मूठ आवळलेली, दोघांनी जोर लावला तेव्हा कुठं उघडली, आणि मुठीतून हे पडलं. साहेब लोक येऊन माणसाला घेऊन गेले. हे डोंग्याच्या तळाशीच राहिलं, कोणी विचारलं नाही.

“बुडणारा माणूस हातातलं सगळं टाकून वर याले पाहते,” शेवंताबाई म्हणाल्या. “यानं हे सोडलं नाही. सासरे म्हणत, ज्यासाठी जीव गेला ते असंच कसं फेकावं? म्हणून शेंदूर लावला.”

माझं तोंड बघून त्यांना वाटलं ऊन लागलं, पाणी दिलं. त्या माणसाचा धंदा काय होता ते मला विचारावं लागलं नाही. विमान उलटताना, पाणी नाकातोंडात जात असताना, तुटलेला भाग हातात घट्ट धरून ठेवील असा माणूस एकाच धंद्यात असतो. तरंगा निखळला म्हणून पंख पाण्यात गेला हे त्याला कळलेलं असतं, आणि त्याला बघायचं असतं, तुटलं कुठून. आणि त्यानं ते बघितलं असणार. मी बघितलं तसंच.

गोरा होता की आपला? नाव काय? मी विचारलं. सासऱ्यांनाही ते माहीत नव्हतं म्हणाल्या.

शेंदूर तयार झाला. पहिलं बोट जावयानं लावावं, असं देवरावनं शेवंताबाईंना विचारून ठरवून टाकलं, मी एवढी धावपळ केली म्हणून. आमच्या धंद्यात तड्यावर रंग चढवण्यासारखं पाप नाही. तसं करताना कोणी सापडला तर मी त्याला दया दाखवली नसती. मी बोट शेंदरात बुडवलं आणि सगळ्यात आधी ३१ वर फिरवलं, मग त्या खुणेवर. मागून सुनंदा म्हणाली, अहो, कपाळापासून सुरुवात करा ना. रडू येत होतं मला, पण एवढ्या लोकांत कसं रडणार.

सुनंदाला मग सगळं सांगितलं. ती म्हणते मागचा जन्म. मला नाही पटत. मेश्राम म्हणतो योगायोग, आणि त्याचे कान लाल होतात. कणकेचा गोळा फ्रिजमध्ये वाळून भेगाळला, आता त्यात काहीच वाचता येत नाही, त्यामुळे तुम्हाला दाखवायला माझ्याकडे पुरावा नाही. स्पष्टीकरणही नाही. असतं तर इथं कशाला आलो असतो, ग्रुपवर टाकलं असतं.

भागांची उत्तरं एकेक करून येत गेली. सगळ्या खुणा जाड अंगावर, कुठंही तडा नाही. एकाच विमानाचं उत्तर राहिलंय. ते परदेशात विकलं गेलं, मालक दोनदा बदलला, आता कोणाकडे आहे ते शोधून राहिलेत. मेश्राम मागच्या आठवड्यात गोदामात आला. म्हणाला, वरचे लोक तयार आहेत, एवढं एक उत्तर नीट आलं की तुझा ठसा तुले परत. मग घेशील ना?

मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.